एका डिफेन्सिव्ह टॅकलचा अहवाल: ऑगस्ट ते एप्रिल

मेसन ग्रॅहम हा मिशिगन विद्यापीठाचा डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावाच्या पुढच्या फळीत आतल्या बाजूला उभा राहणारा खेळाडू. त्याच्यावरचा अहवाल २३ एप्रिल २०२५ ला, एनएफएल ड्राफ्टच्या (व्यावसायिक क्लब कॉलेजचे खेळाडू निवडतात त्याच्या) आदल्या संध्याकाळी, हातावेगळा झाला. काम सुरू झालं होतं ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात. मधल्या आठ महिन्यांत काय केलं, वेळ कुठे वाया गेला आणि कोणतं मत दोनदा बदलावं लागलं, ते क्रमाने लिहितो आहे. अमेरिकेत शनिवारी कॉलेज फुटबॉल बघणारी मराठी घरं आता कमी नाहीत, आणि त्यातल्या काहींना नुसतं बघण्यापलीकडे एखादा खेळाडू नीट जोखून पाहावासा वाटतो. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक किंवा तो झेलणारा रिसीव्हर निवडला की काम पुढे सरकतं. डिफेन्सिव्ह लाइन, म्हणजे बचावाची पुढची फळी, निवडली की माणूस अडतो, कारण तिथे डोळ्यांना धरायला चेंडू नसतो आणि आकडेही तुटपुंजे असतात.

ग्रॅहम कुठे उभा राहतो इथूनच सगळं सुरू होतं. लाइनवरच्या जागांना क्रमांक असतात, आणि ते समोरच्या संघाच्या आक्रमणाच्या फळीवरून ठरतात: मध्ये चेंडू मागे देणारा सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. सेंटरच्या बरोबर नाकासमोर उभा राहिला तर शून्य, गार्डच्या बाहेरच्या खांद्यासमोर तीन, टॅकलच्या बाहेरच्या खांद्यासमोर पाच. ग्रॅहम बहुतेक वेळा तीनवर, म्हणजे थ्री-टेक्निकला. गार्ड आणि टॅकल यांच्यामधली फट, जिला बी-गॅप म्हणतात, ती त्याची जबाबदारी. तोच खेळाडू शून्यावर किंवा एकवर उभा केला तर त्याचं काम पूर्ण बदलतं, म्हणून तक्त्यातला पहिला रकाना ‘जागा’ हाच ठेवला. हा रकाना नसेल तर पुढचे सगळे गुण एकमेकांत मिसळतात आणि शेवटी कशाचाच अर्थ लागत नाही.

ऑगस्टमध्ये हाताशी फारसं काही नव्हतं. ब्लेस्टो आणि नॅशनल या दोन स्काउटिंग सेवा क्लबांसाठी दर वसंतात याद्या करतात, पण त्या शेवटच्या वर्षात जाणाऱ्या खेळाडूंच्या. ग्रॅहम तिसऱ्या वर्षाचा, म्हणजे लवकर बाहेर पडू शकणारा. अशा मुलांवर उन्हाळ्यात कोरी पाटीच असते. त्यामुळे २०२३ चा हंगाम आधी बघून घेतला. मिशिगनने त्यातले पंधराही सामने जिंकले, आणि १ जानेवारी २०२४ च्या रोझ बोल या हंगामअखेरच्या मोठ्या सामन्यात बचावातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून ग्रॅहमची निवड झाली. तिथूनच नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. जोखायला बसताना ही प्रसिद्धी बाजूला ठेवणं फार जड जातं.

आता सामन्यांची निवड. सहा सामने ठरवले: २०२३ च्या हंगामातला रोझ बोल, आणि २०२४ मधले टेक्सास, यूएससी, ओरेगॉन, इंडियाना व ओहायो स्टेट. यातल्या तीन सामन्यांत मिशिगन हरलं, टेक्सासकडून तर ३१-१२ असं घरच्या मैदानावर. हरलेले सामने मुद्दाम घ्यावेत. संघ मागे पडला की समोरचा संघ धावतच राहतो, लाइनमन दमतो, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये त्याची कंबर वर येते की नाही हे तिथेच कळतं. दुबळ्या संघाविरुद्धचे सामने वगळले. त्यात चांगल्या खेळाडूचं सगळंच चांगलं दिसतं.

फिल्मची अडचण सुरुवातीलाच सांगतो, कारण नवख्याचे पहिले दोन आठवडे यातच जातात. मैदानावरचे बावीसही खेळाडू एका चौकटीत दाखवणारं जे उंचावरचं चित्रण असतं, त्याला ऑल-२२ म्हणतात. एनएफएलचं ते पैसे भरून मिळतं, कॉलेजचं सर्वसामान्यांना विकत मिळत नाही. आपल्या वाट्याला येतं ते टीव्हीचं प्रक्षेपण. रिसीव्हर जोखणाऱ्याला ते अपुरं पडतं, कारण पल्ल्याबाहेर गेलेला रिसीव्हर चौकटीतच नसतो. लाइनमनच्या बाबतीत मात्र नशीब बरं आहे: स्नॅपच्या वेळी, म्हणजे सेंटर चेंडू मागे देऊन खेळ सुरू करतो तेव्हा, चेंडू लाइनवरच असतो, त्यामुळे कॅमेराही तिथेच असतो. नुकसान होतं ते रीप्ले दाखवून कॅमेरा उशिरा परततो तेव्हा. असे स्नॅप तक्त्यात ‘दिसला नाही’ असे नोंदवायचे. अंदाजाने भरायचे नाहीत.

खर्चाचा हिशोब असा. सप्टेंबर ते डिसेंबर यूट्यूब टीव्ही, महिन्याला ७२.९९ डॉलर, म्हणजे चार महिन्यांचे २९२ च्या आसपास. त्यात रेकॉर्डिंगची सोय आहे आणि तीच खरी गरजेची. जानेवारीत दर ८२.९९ झाला, तोवर वर्गणी थांबवली होती. एक तिकीट आणि पार्किंग मिळून १०० डॉलर. फेब्रुवारीत कम्बाइनसाठी (ड्राफ्टआधीची मोजमापं आणि चाचण्या) इंडियानापोलिसची एक फेरी, पेट्रोल आणि शहराबाहेरची एक रात्र धरून १७०. सगळं मिळून ५६० च्या आसपास. सॉफ्टवेअरवर एक पैसा गेला नाही, साधा स्प्रेडशीट पुरतो.

तिकीट होतं १४ सप्टेंबरच्या आर्कान्सा स्टेट सामन्याचं. टेक्सासच्या सामन्याचं परवडणारं नव्हतं. सामना जोखायचाच नव्हता, बसायची जागा महत्त्वाची होती: एंड झोनच्या मागे, ८० च्या आसपासची रांग. तिथून गार्ड-टॅकलमधल्या फटी समोर उघडताना दिसतात. बाजूच्या महागड्या खुर्च्यांवरून लाइन म्हणजे एकमेकांवर चढलेल्या पाठी दिसतात. सामन्याच्या एक तास आधी पोचा. सरावात हात कुठे जातात, पाय किती रुंद पडतात हे शांतपणे बघता येतं. खेळाडू कधी आत येतो, कधी बाहेर बसतो, दोन स्नॅपच्या मध्ये गुडघ्यांवर हात टेकतो का, हे टीव्हीवर कधीच दिसत नाही.

मग खरं काम. एका सामन्यात बचावाचे साधारण ६०-७० स्नॅप. प्रत्येक स्नॅप तीनदा बघायचा. पहिल्यांदा फक्त पाय: चेंडू हलल्यावर पहिलं पाऊल कधी उचललं, किती लांब पडलं, वाकडं गेलं का. दुसऱ्यांदा फक्त हात. तिसऱ्यांदा खेळ कुठे संपला ते. हा क्रम उलटा केला की मूल्यमापन गेलंच, कारण निकाल कळल्यावर पाय चांगलेच वाटायला लागतात. एका सामन्याला साडेतीन तास लागतात. एका बैठकीत एका सामन्याच्या वर जाऊ नये, नंतरच्या नोंदी आळशी होतात.

पहिल्या पावलासाठी चित्र एकेक चौकट पुढे सरकवावं लागतं. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाची बटणं दाबली की एक चौकट मागे-पुढे होते. सेंटरच्या हातातला चेंडू हलला ती चौकट शून्य धरायची आणि खेळाडूचा जमिनीवरचा हात सुटेपर्यंतच्या चौकटी मोजायच्या. पण हा आकडा एकट्याने वापरू नका. प्रक्षेपण वेगवेगळ्या गतीचं असतं, त्यामुळे एका वाहिनीवरच्या पाच चौकटी म्हणजे दुसरीवरच्या दहा. त्याच स्नॅपमध्ये शेजारचे तीन लाइनमन कधी हलले याच्याशी तुलना करायची. ग्रॅहम सातत्याने पहिला किंवा दुसरा हलताना दिसला, आणि हीच नोंद शेवटपर्यंत टिकली.

हातांचा रकाना भरताना कुस्ती आठवल्याशिवाय राहत नाही. ग्रॅहम कॅलिफोर्नियात शाळेत असताना कुस्ती खेळत होता आणि ते त्याच्या प्रत्येक स्नॅपमध्ये दिसतं. आखाड्यात वस्ताद जे ओरडून सांगतात, कंबर खाली आणि हात आत, तेच इथे होतं. गार्डचे तळहात छातीवर पोचायच्या आत तो त्याचं मनगट झटकतो, आणि ते झटकतानाच खांदा वळवून अर्धा माणूस होतो. समोरच्याला ढकलायला पूर्ण छाती मिळतच नाही. पायही आखाड्यासारखे, एकमेकांत न अडकता छोट्या पावलांनी जमीन धरून. ही सवय एका उन्हाळ्यात शिकवता येत नाही, म्हणून तिला जास्त गुण दिले.

कमी पडतो कुठे? गार्ड आणि टॅकल दोघांनी मिळून एकदम बाजूने धक्का दिला की. असा दोघांचा मारा, म्हणजे डबल टीम, समोरून आला तर तो एक गुडघा जवळजवळ जमिनीला टेकवून मधोमध घुसतो आणि जागा धरतो. पण धक्का कुशीत आला, विशेषतः तो आधीच वेगाने आत सुटलेला असताना, की तो फटीच्या बाहेर सरकतो. हा वजनाचा प्रश्न आहे. दुसरी गोष्ट, पास रशमध्ये, म्हणजे क्वार्टरबॅकवर चाल करून जाताना, पहिली चाल अडली तर दुसरी यायला वेळ लागतो. लांब हातांच्या गार्डने एकदा पकडलं की तो स्नॅप बहुधा तिथेच संपतो.

बाजूला केनेथ ग्रँट होता हेही विसरून चालत नाही. त्याचं वजन कम्बाइनमध्ये ३३१ पाउंड भरलं आणि पुढे तोही मायामीने १३ व्या क्रमांकावर घेतला. असा माणूस शेजारी असला की दोघांपैकी कोणावर दोन माणसं लावायची हे समोरच्या संघाला ठरवावं लागतं. म्हणून ‘ग्रँट मैदानावर / बाहेर’ असा वेगळा रकाना केला आणि ग्रँट बाहेर असतानाचे स्नॅप वेगळे काढून पुन्हा बघितले. हे काम दोन रात्रींचं. पण याशिवाय लिहिलेला अहवाल दोघांचा मिळून असतो.

बचावाची पद्धतही दोन हंगामांत दोन. २०२३ मध्ये समन्वयक (बचावाचा प्रशिक्षक) जेसी मिंटर, २०२४ मध्ये वेगळ्या धाटणीचा, ब्लिट्झवर, म्हणजे क्वार्टरबॅकवर जादा माणसं सोडण्यावर, भर देणारा डॉन ‘विंक’ मार्टिनडेल. खेळाडू तोच, पण त्याला सांगितलेलं काम वेगळं. तीन हंगामांत मिळून ९ सॅक (चेंडू फेकायच्या आत क्वार्टरबॅकला पाडणं) हा आकडा वाचून पुष्कळ जण नाक मुरडतात. आतल्या लाइनमनला सॅक मिळणं हे बरंचसं त्याला काय काम दिलंय आणि क्वार्टरबॅक किती वेळ चेंडू धरून बसतो यावर असतं. सॅकचा रकाना ठेवला, पण तक्त्याच्या अगदी शेवटी.

रोझ बोलचा शेवटचा स्नॅप इथे सविस्तर सांगायला हवा. ओव्हरटाइम, मिशिगन २७-२० पुढे, अलाबामाचा चौथा डाउन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, गोल तीन यार्डांवर. क्वार्टरबॅक जेलन मिलरो मधून धावला आणि लाइनवरच थांबला. सामना संपला, लोक मैदानात उतरले. पहिल्यांदा बघताना मिशिगनच्या चारही लाइनमनना पूर्ण गुण दिले गेले. तिसऱ्यांदा, फक्त चेंडूकडे बघितल्यावर, सेंटरचा स्नॅप खाली आलेला दिसला. मिलरोला वाकून चेंडू उचलावा लागला आणि तेवढ्यात फट बुजली. रेटा खरा होता, पण त्याला अर्ध्या क्षणाची मदत मिळाली होती. गुण खोडून पुन्हा दिले, कमी. ज्या स्नॅपवर सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या, तो नेहमी सगळ्यात शेवटी आणि आवाज बंद करून बघा.

३० नोव्हेंबरला ओहायो स्टेटविरुद्ध कोलंबसमध्ये मिशिगन १३-१० असं जिंकलं. ओहायो स्टेटला धावून फक्त ७७ यार्ड मिळाले आणि लाइनच्या मधल्या पट्ट्यात ग्रॅहम-ग्रँट जोडीचं राज्य होतं. पहिल्या रात्री जितके गुण दिले तितके पूर्ण हंगामात कुठल्याच सामन्याला दिले नव्हते. मग समोरच्या लाइनची माहिती काढली. लेफ्ट टॅकल ऑक्टोबरमध्येच गुडघ्याने गेलेला. त्याच्या जागी नेहमीचा लेफ्ट गार्ड सरकवलेला. सेंटर, जो रोझ बोलमध्ये अलाबामाकडून खेळला तोच, टाचेच्या वरची शीर तुटल्याने नोव्हेंबरातच बाहेर. म्हणजे मधला भाग नुकता जोडलेला होता. गुण उतरवले.

जानेवारीत ते परत चढवावे लागले. जवळपास तीच लाइन घेऊन ओहायो स्टेटने प्लेऑफचे चार सामने जिंकले आणि २० जानेवारीला नोत्र दामला ३४-२३ हरवून विजेतेपद घेतलं. लाइन इतकी वाईट नव्हतीच. प्रतिस्पर्ध्याची किंमत हंगाम संपल्यावर एकदा परत तपासायची, हे तेव्हापासून यादीत लिहून ठेवलं. दुखापतींची माहिती दर आठवड्याला सामन्याच्या आधी टिपून ठेवली असती तर हे आठ-दहा तास वाचले असते.

डिसेंबर-जानेवारी हा वाट बघण्याचा काळ. तिसऱ्या वर्षाच्या खेळाडूला एनएफएलची सल्लागार समिती विचारणा केल्यावर मत कळवते: पहिली फेरी, दुसरी फेरी, किंवा कॉलेजातच राहा. हे मत बाहेर जाहीर होत नाही. नाव नोंदवायची मुदत १५ जानेवारी. ग्रॅहमचा निर्णय आधीच झाला होता आणि ३१ डिसेंबरचा अलाबामाविरुद्धचा बोल सामना तो खेळला नाही. म्हणजे फिल्म नोव्हेंबरलाच संपली. बोल सामना न खेळणं हा दोष म्हणून अहवालात लिहू नका. पहिल्या फेरीतल्या खेळाडूसाठी तो आता सरळ व्यवहार झाला आहे.

कम्बाइन इंडियानापोलिसला, लुकास ऑइल स्टेडियममध्ये. डिफेन्सिव्ह लाइनचा मैदानी सराव गुरुवारी, २७ फेब्रुवारीला दुपारी. प्रेक्षकांना प्रवेश मोफत असतो, पण आधी एनएफएलच्या वन-पासवर नाव नोंदवून क्यूआर कोड घ्यावा लागतो. फोनची बॅटरी भरलेली ठेवा, दारात तोच दाखवायचा असतो. मिशिगन विद्यापीठाच्या गावाहून, ॲन आर्बरहून, गाडीने सव्वाचार तास. ग्रॅहम त्या दिवशी धावला नाही. तरी फेरी फुकट गेली नाही: बाकीच्या पंधरा-वीस जणांच्या बॅग ड्रिल ओळीने बघितल्यावर ३०० पाउंडांचा माणूस वळताना कंबर किती खाली ठेवू शकतो याचं माप डोळ्यांत बसतं. टीव्हीवर एकटा खेळाडू बघून ते बसत नाही.

मोजमापं बंद दाराआड होतात आणि आकडे त्याच दिवशी बाहेर येतात. उंची चार आकड्यांत लिहितात. ग्रॅहमची ६०३४, म्हणजे ६ फूट, ०३ इंच आणि वर ४ अष्टमांश, अर्थात साडेतीन इंच. वजन २९६. विद्यापीठाच्या यादीत ते ३२० होतं. हाताची लांबी ३२ इंच. या दोन आकड्यांवर पुढचे दोन आठवडे चर्चा चालली.

यादीतलं वजन हे संघाने छापलेलं असतं, त्यावर विसंबू नये. पण २९६ मुळे डबल टीमच्या जुन्या नोंदी परत उघडाव्या लागल्या, कारण हंगामात तो किती वजनावर खेळला हे आता निश्चित नव्हतं. फिल्मवरची नोंद तशीच ठेवली आणि शेजारी ‘एनएफएलमध्ये खेळायचं वजन ठरायचं आहे’ असं लिहिलं. ३०० च्या खाली राहिला तर रोज शून्यावर उभा करण्याचा विचार सोडावा, हेही.

हाताच्या लांबीचं महत्त्व खरं आहे. लांब हात आधी पोचतात, आणि जो आधी पोचतो तो अंतर ठरवतो. पण ती मोजण्याची अचूकता आपण समजतो तेवढी नाही. त्याच वर्षी लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा (एलएसयू) आक्रमणातला टॅकल विल कॅम्पबेल कम्बाइनमध्ये ३२ पूर्णांक ५/८ इंच भरला आणि त्याच्या प्रो डेला, म्हणजे विद्यापीठातल्या चाचणीला, ३३. तोच माणूस, तेच हात, महिन्याभरात ३/८ इंचाचा फरक. खांद्याच्या टोकापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजताना खांदा किती पुढे घेतलाय यानेच एवढा बदल होतो. म्हणून पाव इंचावरून वाद घालण्यात अर्थ नाही. पुढे ॲरन डोनाल्डचे आकडे घेतले: २०१४ च्या कम्बाइनमध्ये ६ फूट पाऊण इंच, २८५ पाउंड, हात ३२ पूर्णांक ५/८, चाळीस यार्ड ४.६८ सेकंदांत. तो १३ व्या क्रमांकावर गेला आणि तीनदा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. हे उदाहरण सगळे देतात, पण अर्धवट देतात. डोनाल्डचा वेग मोजलेला होता, ग्रॅहमचा इंडियानापोलिसमध्ये मोजला गेलेला नाही. आखूड हातांची भरपाई वेगाने होते हे सांगायचं तर वेगाचा आकडा हवा. तो नव्हता, म्हणून अहवालात डोनाल्डशी तुलना केली नाही. फक्त एवढंच लिहिलं की हातांची भरपाई पहिल्या अर्ध्या सेकंदात होते, त्यानंतर होत नाही.

चाळीस यार्डांच्या शर्यतीबद्दल जाता जाता: आतल्या लाइनमनसाठी पहिल्या दहा यार्डांची वेळ बघा, बाकीचे तीस यार्ड तो सामन्यात क्वचितच धावतो. शारीरिक तपासणीचे निकाल क्लबांकडे असतात, आपल्याकडे कधीच येत नाहीत. बाहेरून लिहिलेल्या अहवालात तो रकाना रिकामाच ठेवावा.

मार्चचे तीन आठवडे लिहिण्यात गेले. पहिला मसुदा नऊ पानांचा झाला, शेवटचा दीड पानाचा. पहिल्या ओळीत भूमिका: एक फट धरून पुढे सुटणाऱ्या बचावात थ्री-टेक्निक, पहिल्या दिवसापासून खेळू शकेल. दोन फटी सांभाळायला लावणाऱ्या बचावात किंमत निम्म्याने कमी. मग ताकदीच्या तीन गोष्टी, उणिवा दोन, आणि प्रत्येकीखाली सामना, क्वार्टर व घड्याळातली वेळ. वेळ लिहिली नसेल ते वाक्य खोडायचं, हा नियम पाळला आणि साडेसात पानं आपोआप गळली. ‘मोटर चांगली आहे’, ‘जिगरबाज आहे’ अशी वाक्यं सगळ्यात आधी गेली. शेवटी श्रेणी: पहिल्या दहांत.

२३ एप्रिलला फाइल पीडीएफ करून स्वतःलाच मेल केली, म्हणजे तारीख बदलता येत नाही. ड्राफ्ट सुरू झाल्यावर अहवालाला हात लावला की तो मूल्यमापन राहत नाही.

२४ एप्रिलच्या रात्री ग्रीन बेमध्ये ड्राफ्ट सुरू झाला. क्लीव्हलँडने दुसरा क्रमांक जॅक्सनव्हिलला दिला आणि पाचव्यावर उतरून ग्रॅहमला घेतलं. तिथे तेव्हा समन्वयक जिम श्वार्ट्झ होते, आणि त्यांची लाइन वर्षानुवर्षं एकच काम करत आली होती: एक फट पकडायची आणि पुढे सुटायचं. तक्त्यात नवी ओळ उघडली ती वजनाची. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये पहिल्या सामन्याला तो क्लबाच्या यादीत किती पाउंडांचा दिसतो, आणि कुशीत आलेल्या डबल टीमखाली फटीतच राहतो का, एवढ्या दोनच गोष्टी तिथे भरायच्या होत्या.